निर्वासित, सरकार आणि न्यायालय

'निर्वासित' हा शब्द मराठी माणसाच्या कानाला नवा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि त्या छावणीचेच पुढे उल्हासनगर झाले, हे आपण जाणतो. इंदूर, बडोदे येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या शेजारीही त्या काळात सिंधी बिऱ्हाडे आली आणि हळूहळू शहराची होऊन गेली. परंतु आज ज्या निर्वासितांविषयी मी बोलणार आहे, ते कायद्याच्या दृष्टीने अगदी निराळे आहेत. सिंध-पंजाबातून आलेल्या त्या बांधवांना आपल्या राज्यघटनेच्या ६ व्या कलमाने नागरिकत्वाची वाट मोकळी करून दिली. घरदार गेले, तरी ते परक्या देशात आले नव्हते. याउलट तिबेटी, श्रीलंकेतील तमिळ, पूर्व पाकिस्तानातून आलेले चकमा, म्यानमारमधील चिन आणि रोहिंग्या हे सारे कायद्याने परदेशीयच. त्यांना घटनेने काही आपोआप दिलेले नाही.

अशा माणसाला ठेवून घ्यावे की परत पाठवावे, हे कोणी ठरवावयाचे? लोकांनी निवडून दिलेले सरकार म्हणते, हा अधिकार आमचा. सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते म्हणतात, सीमेवर काय चालते ते आम्हाला ठाऊक. आणि हा माणूस हात जोडून न्यायालयाच्या दारात उभा राहिला, की न्यायमूर्तींनाही काहीतरी उत्तर द्यावेच लागते. या तिघांपैकी कोणाचा शब्द कोठवर चालतो, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम घटनेतील दोन शब्दांकडे लक्ष द्यावे लागेल. वर्गात नागरिकशास्त्र शिकविताना मी हे दोन शब्द नेहमी फळ्यावर शेजारीशेजारी लिहितो: 'व्यक्ती' आणि 'नागरिक'. १४ वे कलम कायद्यापुढे समानता देते, २१ वे कलम जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करते, आणि ही दोन्ही कलमे 'व्यक्ती'विषयी बोलतात. व्यक्ती म्हणजे कोणीही. मग तो काल रात्री नदी ओलांडून आलेला का असेना. १९ वे कलम मात्र 'नागरिक' हा शब्द वापरते, आणि भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क त्याच कलमात आहे. म्हणजे परदेशीयाला जगण्याचा हक्क आहे, पण येथेच राहण्याचा नाही. ही फोड कागदावर सोपी दिसते. परंतु ज्याला परत पाठविले तर तेथे मारतील अशी भीती आहे, त्याचा जगण्याचा हक्क आणि येथे राहण्याचा हक्क यांत अंतर उरते तरी किती? साऱ्या वादाचे मूळ येथे आहे.

न्यायालयाने सरकारचा अधिकार फार पूर्वीच मान्य केला आहे. १९५५ साली हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, परदेशीयाला देशाबाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. १९९१ साली लुई द राट यांच्या प्रकरणात हीच भूमिका पुन्हा घेतली गेली. हे ख्रिस्ती मिशनरी कार्य करणारे बेल्जियन गृहस्थ १९३७ पासून या देशात राहत होते. अर्धशतक येथे घालविलेल्या माणसाला सरकारने निघून जाण्यास सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. आमच्या समाजात अशा परदेशी धर्मगुरूंच्या हाताखाली शिकलेली कितीतरी माणसे आहेत, तेव्हा हा निकाल वाचून मनाला चटका लागतो. तरीही कायदा म्हणून तो सुसंगत आहे, हे मान्य केले पाहिजे.

मग न्यायालयाला उरले काय? याचे सर्वांत चांगले उत्तर चकमांच्या प्रकरणात सापडते, आणि ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे.

चितगावच्या डोंगराळ भागात कर्णफुली नदीवर काप्ताई येथे धरण झाले. १९६२ च्या सुमारास ते भरले आणि सुमारे १ लाख माणसांची घरे-शेते पाण्याखाली गेली. त्यांत बहुतेक चकमा, म्हणजे बौद्ध धर्माचे आदिवासी होते. पाकिस्तानी राजवटीत त्यांना कोणी वाली नव्हता. १९६४ साली ते मोठ्या संख्येने आसाम व त्रिपुरात आले. आसामला एवढा भार पेलवेना. तेव्हाचे राज्यपाल विष्णू सहाय यांनी मुख्यमंत्री चलिहा यांना १० एप्रिल १९६४ रोजी पत्र लिहून सुचविले की, मिझो टेकड्यांत चकमा आणि मिझो यांच्यात तंटा उद्भवण्याचा संभव आहे, तरी या लोकांना ईशान्य सीमा प्रदेशातील, म्हणजे 'नेफा'तील मोकळ्या जमिनीवर वसवावे. त्याप्रमाणे ४,०१२ चकमा तेथे नेण्यात आले. प्रत्येक कुटुंबाला ४,२०० रुपये मदत मंजूर झाली, जमीनही मिळाली.

येथे एक गोष्ट नजरेआड करू नये. त्या वेळी नेफात निवडून आलेले विधिमंडळ नव्हते. कारभार राज्यपालांमार्फत दिल्लीहून चाले. स्थानिक जमातींशी विचारविनिमय झाला, असे सरकारी कागद सांगतात. पण मत देऊन होय किंवा नाही म्हणण्याची सोय तेथल्या माणसाला नव्हती. पहिली विधानसभा निवडणूक १९७८ साली झाली, आणि १९८७ साली अरुणाचल प्रदेश हे पूर्ण राज्य झाले. तोवर चकमांची दुसरी पिढी उभी राहिली होती. १९९० नंतर त्यांची संख्या ६५,००० च्या आसपास असल्याचा अंदाज न्यायालयापुढे आला. ज्या प्रदेशात भारताच्या इतर भागांतील नागरिकालासुद्धा परवान्यावाचून प्रवेश नाही, आणि ज्या प्रदेशातील जमाती मुळातच संख्येने लहान आहेत, तेथे ही वाढ लोकांना बोचली यात नवल नाही. स्थानिकांचा राग हा केवळ दुष्टपणा होता असे जो म्हणेल, त्याने हा प्रश्न समजून घेतला नाही.

परंतु रागाने कोणते रूप घेतले, ते पाहा. १९९४ साली तेथील विद्यार्थी संघटनेने 'परदेशीयांनो, राज्य सोडा' अशी नोटीस काढली आणि ३० सप्टेंबर ही मुदत दिली. सरकारने नव्हे, विद्यार्थ्यांनी! राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने विचारणा केली, तर राज्य सरकारकडून समाधानकारक उत्तर मिळेना. अखेर आयोग स्वतः अर्जदार होऊन सर्वोच्च न्यायालयात गेला.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. नागरिकत्व देणे न देणे हा मध्यवर्ती सरकारचा अधिकार. भारत व बांगलादेश यांच्या पंतप्रधानांनी १९७२ साली केलेल्या संयुक्त निवेदनाला अनुसरून या लोकांना नागरिकत्व द्यावे, असे दिल्लीचे धोरण होते. पण अर्ज द्यावयाचा तो जिल्हाधिकाऱ्यामार्फत, आणि तेथील अधिकारी ते अर्ज पुढे धाडीतच नव्हते. म्हणजे टपाल्यानेच पत्र फोडावे, वाचावे, मजकूर आवडला नाही म्हणून फाडून टाकावे आणि पुन्हा मालकाने नकार दिला असे सांगावे, तसला हा प्रकार!

९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी यांच्या पीठाने निकाल दिला. त्यात काय सांगितले यापेक्षा काय सांगितले नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. चकमांना नागरिक करा, असे न्यायालयाने म्हटले नाही. तीनच वर्षांपूर्वी, १९९३ साली, याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात हे लोक परदेशीय असून त्यांना स्थायिक होण्याचा मूलभूत हक्क नाही असे ठरविले होते. तेही मोडले नाही. न्यायालयाने एवढेच सांगितले की, राज्यात राहणाऱ्या प्रत्येक चकमाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे राज्य सरकारचे कर्तव्य आहे. कोणतीही संघटना त्यांना हुसकावू लागली तर तिला आवरा, लागल्यास निमलष्करी दले मागवा. कायद्याने ठरविलेल्या मार्गावाचून कोणाला घरातून काढू नका. जिल्हाधिकाऱ्याने अर्ज आपल्या नोंदवहीत घ्यावेत आणि चौकशी करून दिल्लीला पाठवावेत; दिल्लीने ठरवावे; आणि ते ठरेपर्यंत कोणाला हलवू नये. वर राज्य सरकारने आयोगाला १०,००० रुपये खर्च द्यावा.

पाहा, सरकारचा अधिकार सरकारकडेच राहिला. तो जमावाच्या हातात जाऊ दिला नाही, आणि खालच्या अधिकाऱ्याने परस्पर वापरावा हेही चालू दिले नाही. न्यायालयाने आपली मर्यादा सांभाळली आणि तरीही हजारो माणसांची घरे वाचली. या विषयावरील निकालांत मला हा निकाल सर्वांत समतोल वाटतो. पण न्यायालयाच्या हुकमाचीही एक सीमा आहे, तीही येथेच दिसते. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत नागरिकत्वाचे काम उरकण्यास सांगितले. मुदत संपली, राज्याचा विरोध संपला नाही. लोकनियुक्त राज्य सरकारची इच्छा नसेल, तर दिल्लीचा होकार आणि न्यायालयाचा हुकूम दोन्ही मिळूनही काम अडते.

येथवर ऐकून आपला असा समज होईल की, दिल्ली उदार आणि सीमेवरील राज्य कठोर. तसे नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन लोक मिझोरममध्ये येऊ लागले. १० मार्च रोजी मध्यवर्ती गृहमंत्रालयाने सीमेवरील राज्यांना लिहिले की, बेकायदा प्रवेश रोखा, आणि राज्य सरकारांना कोणासही निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार नाही. कायदा सांगतो तो असाच. पण चिन आणि मिझो हे एका रक्ताचे. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र धाडून आपल्या लोकांच्या दुःखाकडे पाठ फिरविता येत नाही असे कळविले; गावोगावच्या चर्चसंस्थांनी व तरुण संघांनी धान्य-कपडे जमविले, आणि माणसे राहिली. अरुणाचलमध्ये दिल्ली ठेवा म्हणत होती, राज्य काढा म्हणत होते. मिझोरममध्ये नेमके उलट झाले. मग 'लोकांनी निवडलेले सरकार' म्हणजे कोणते? दोन्हीही लोकांनीच निवडलेली! म्हणून सरकार विरुद्ध न्यायालय असे दुहेरी चित्र रंगविणारे लेख मी वाचतो, तेव्हा मला ते अपुरे वाटतात.

आता सुरक्षेचा प्रश्न. तो बनावट आहे असे मानण्याची चूक दयाळू माणसे पुष्कळदा करतात. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली, ती श्रीलंकेतील तमिळ वाघांच्या संघटनेने घडविली. त्यानंतर तमिळनाडूतील छावण्यांकडे पाहण्याची सरकारची व जनतेची दृष्टी पालटली. १९९२ मध्ये निर्वासितांना परत पाठविणे सुरू झाले. तेव्हा माणसे खरोखर राजीखुशीने जात आहेत की रेटली जात आहेत, हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे आला, आणि त्यांच्या मनाविरुद्ध पाठवू नये अशी भूमिका न्यायालयाने घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-उच्चायुक्तांच्या प्रतिनिधींनाही पुढे मद्रासमध्ये बसून हे विचारून घेण्याची मुभा सरकारने दिली. हत्येचा घाव ताजा असताना हे झाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

न्यायालय नेहमी निर्वासिताच्याच बाजूने झुकते, हाही गैरसमज आहे. आसामातील बेकायदा स्थलांतरितांना शोधण्यासाठी संसदेने १९८३ साली एक कायदा केला होता. त्यात परदेशीयत्व सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर टाकला होता. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरविला. कारण असे दिले की, बाह्य आक्रमणापासून राज्यांचे रक्षण करण्याचे जे कर्तव्य घटनेच्या ३५५ व्या कलमाने केंद्रावर टाकले आहे, त्यालाच हा कायदा बाधा आणतो. येथे संसद सौम्य होती आणि न्यायालय कठोर झाले. कोण जास्त देशभक्त, ही स्पर्धा न्यायमंदिरात शोभत नाही असे मला वाटते. पण निकाल आहे तो असा आहे.

अलीकडच्या काळात रोहिंग्यांचे प्रकरण गाजले. जम्मूत ताब्यात घेतलेल्या रोहिंग्यांना सोडावे व म्यानमारला पाठवू नये, अशी विनंती सर्वोच्च न्यायालयापुढे होती. ८ एप्रिल २०२१ रोजी सरन्यायाधीश बोबडे यांच्या पीठाने ती अमान्य केली. १४ व २१ ही कलमे परदेशीयालाही लागू आहेत, पण हद्दपार न होण्याचा हक्क हा स्थायिक होण्याच्या हक्काचाच उपांग आहे आणि तो नागरिकाचा, असा युक्तिवाद निकालात आहे. दुसऱ्या देशात काय चालले आहे यावर आम्ही बोलू शकत नाही, असेही म्हटले आहे. शेवटी एक वाक्य येते: विहित कार्यपद्धती पाळल्यावाचून कोणाला पाठवू नये. यानंतर महिन्याच्या आत, ३ मे २०२१ रोजी, मणिपूरच्या उच्च न्यायालयाने म्यानमारमधून पळून आलेल्या सात जणांच्या बाबतीत निराळा सूर लावला. परत पाठविल्यास ज्याच्या जिवाला धोका आहे, त्याला तसे न पाठविणे हे २१ व्या कलमातच येते, मात्र त्याच्या येथील अस्तित्वाने देशाच्या सुरक्षेला बाध येता कामा नये, असे त्या न्यायालयाने म्हटले. आणि या सातांपासून धोका असल्याचे काही पुढे आलेले नाही, हे पाहून त्यांना दिल्लीला उच्चायुक्तांच्या कार्यालयाकडे जाण्याची वाट दिली.

हे दोन निकाल शेजारी ठेवले, की फरक कोठे आहे ते दिसते. सुरक्षेचे कारण दोन्हीकडे मानले गेले. एका ठिकाणी ते एका समूहाला उद्देशून सांगितले गेले आणि तेवढ्यावर भागले. दुसऱ्या ठिकाणी समोर उभ्या असलेल्या सात माणसांविषयी विचारले गेले. मला दुसरी रीत बरोबर वाटते. गुप्तवार्ता चव्हाट्यावर मांडा, असे कोणी म्हणत नाही. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे की, राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून उभा करता येत नाही, त्यामागे काही आधार दाखवावा लागतो. वाहिनीला जो न्याय, तो माणसाला लागू करण्यास काय हरकत आहे?

आपल्या बेळगाव भागातील श्रोत्यांना मुंडगोड माहीत आहे. हुबळीच्या अलीकडे-पलीकडे जाताना लाल वस्त्रे पांघरलेले तिबेटी भिक्षू भेटतात, ते तेथले. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने जमीन दिली आणि १९६६ पासून ही वसाहत उभी राहिली. ल्हासाजवळच्या गान्देन व ड्रेपुंग या मठांची परंपरा आज तेथे चालते. या लोकांनाही कायद्याने 'निर्वासित' असा दर्जा नाही. परदेशीय म्हणून नोंदणीचा दाखला घ्यावयाचा आणि तो वेळोवेळी नवा करून घ्यावयाचा, अशी त्यांची रीत. पण यांच्या मुलांचे काय? आपल्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारताच्या भूमीवर जन्मलेला माणूस, त्याचे आईबाप कोणीही असोत, जन्माने नागरिक होतो. १९८६ साली जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला पासपोर्ट नाकारला गेला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० च्या डिसेंबरात हेच कलम अधिकाऱ्यांपुढे धरले. कर्नाटक उच्च न्यायालयानेही पुढे हीच दिशा स्वीकारली आणि २०१४ साली निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदारयादीत घेण्यास सांगितले. येथे न्यायालयाने नवे काही निर्माण केले नाही. संसदेने केलेला कायदा सरकारला वाचून दाखविला, इतकेच. कायदा स्पष्ट असला म्हणजे न्यायमूर्तीला उदार किंवा कठोर व्हावे लागत नाही.

आणि अडचण नेमकी हीच आहे की, निर्वासितांविषयी आपल्याकडे असा कायदाच नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. तिला कारणे होती आणि त्यांतली काही अजूनही विचारात घेण्याजोगी आहेत. परंतु करार न स्वीकारताही स्वतःचा कायदा करता येतो. तो न केल्याने जी 'विहित कार्यपद्धती' न्यायालय पाळावयास सांगते, ती शोधू गेले तर हाती लागते ते गृहमंत्रालयाचे २०११ चे एक परिपत्रक! छळाची भीती सांगणाऱ्या परदेशीयाची चौकशी कशी करावी, हे त्यात लिहिले आहे आणि ते बरेही आहे. पण परिपत्रक हे परिपत्रक. ज्या टेबलावर ते लिहिले, त्याच टेबलावर ते बदलता येते.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशीयांविषयीचा नवा कायदा अमलात आला आणि १९४६ चा जुना कायदा गेला. संसदेपुढे ही संधी होती. तरी नव्या कायद्यातही 'निर्वासित' या शब्दाची व्याख्या नाही. सूट द्यावयाची ती सरकारने आदेश काढून द्यावी, अशी योजना आहे. त्या आदेशाने ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रयाला आलेल्या व नोंद झालेल्या श्रीलंकेतील तमिळांना शिक्षेच्या कलमांतून वगळले. त्या कुटुंबांना याने केवढा दिलासा मिळाला असेल! पण ही तारीख सचिवालयात ठरली. आसामसाठी २५ मार्च १९७१ ही तारीख ठरली, ती १९८५ च्या करारानंतर संसदेने नागरिकत्वाच्या कायद्यात ६-अ कलम घालून. तिच्यावर चाळीस वर्षे वाद झाला, आणि १७ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ती कायम ठेवली.